‘चीटेड विथ माय फादर’ का चुकलं? फसवण्याचे आणि धुण्याचे इंग्रजी शब्द

तासगाव तालुक्यातली माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिने लिहिलंय: “बाई, आमच्या द्राक्षांचे पैसे बुडवून व्यापारी पळाला. वॉर्डात हे सांगताना मी ‘अ ट्रेडर चीटेड विथ माय फादर’ म्हणाले आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. नीट सांगितल्यावर एक जण म्हणाली, ‘ही टुक युअर डॅड टु द क्लीनर्स.’ मला वाटलं, ही लाँड्रीचं काहीतरी बोलतेय. फसवण्याला आणि धुण्याला इकडे रोजच्या बोलण्यात काय काय म्हणतात, आणि हे दोन्ही एकमेकांत एवढे का मिसळलेत, ते एकदा सविस्तर सांगा.”

सांगते, आणि तुझ्याच वाक्यापासून सुरुवात करते. सांगलीत विश्रामबागला मी २६ वर्षं इंग्रजीचे वर्ग घेते, आणि जोडीला वकिलांसाठी फिर्यादी, करार, नोटिसा मराठीतून इंग्रजीत उतरवून देते. फसवणुकीचा कागद टेबलावर आला नाही असा महिना आठवत नाही. तुझी चूक त्या कागदांतही मला वरचेवर दिसते, कारण ती येते आपल्या मराठीच्या सवयीतून.

आपण म्हणतो, ‘त्याने वडिलांशी दगा केला’. हल्लीची मुलं म्हणतात, ‘माझ्यासोबत चीटिंग केली’. ज्याचं नुकसान झालं त्याला मराठीत ‘शी’ किंवा ‘सोबत’ लागतं. इंग्रजीत मात्र ‘विथ’ लावलं की तो माणूस भागीदार होतो. ‘ही चीटेड विथ माय फादर’ म्हणजे त्या दोघांनी मिळून तिसऱ्याच कुणालातरी फसवलं. बहुतेक वेळा तर हे वाक्य विवाहबाह्य संबंधांबद्दलच ऐकू येतं. वॉर्ड गप्प का झाला, ते आता तुझ्या लक्षात येईल. त्या बायकांना तू सांगितलेलं कळलं नव्हतं असं नाही, त्यांना भलतंच कळलं होतं.

जो फसला तो ‘चीट’च्या लगेच मागे येतो, मधे काही घालायचं नाही: ‘ही चीटेड माय फादर’. ‘चीट ऑन’च्या पुढे माणूस आला तर अर्थ एकच, नवऱ्याशी, बायकोशी किंवा प्रेमातल्या जोडीदाराशी बेइमानी.

याच्याही पुढे एक गोष्ट आहे. ती कुठल्याही शब्दयादीत मिळत नाही आणि माझ्या मते सगळ्यांत कामाची आहे. फसवणुकीच्या क्रियापदांना इंग्रजीत दोन शेपट्या लागतात, ‘आउट ऑफ’ आणि ‘इन्टू’. काय गेलं ते ‘आउट ऑफ’ सांगतं, आणि फसलेल्या माणसाच्या हातून काय करवून घेतलं ते ‘इन्टू’ सांगतं.

आमच्या गल्लीतलंच उदाहरण घे. दुपारी घरात पुरुषमाणूस नसताना दोन तरुण आले, ‘दागिने धुऊन चकचकीत करून देतो’ म्हणाले. आधी फुकटात तांब्या लखलखीत करून दाखवला. मग आजींनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. पाटल्या पिवळ्याधमक होऊन परत आल्या, पण सराफाच्या काट्यावर वजन कमी भरलं. हायड्रोक्लोरिक आम्ल तीन भाग आणि नायट्रिक आम्ल एक भाग असं मिश्रण केलं की त्यात सोनं विरघळतं, आणि मागाहून त्या पाण्यातून ते परत काढता येतं. विट्याकडच्या गलाईवाल्यांना, ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळण्यात गेली, हे सांगावं लागत नाही. आजींना कुणी सांगितलं नव्हतं. ही हकीकत इंग्रजीत अशी होईल: ‘दे ट्रिक्ड हर इन्टू हँडिंग ओव्हर हर बँगल्स’, म्हणजे फसवून काढून द्यायला लावल्या. आणि ‘दे कॉन्ड हर आउट ऑफ हर गोल्ड’, म्हणजे सोनं गेलं. एकाच प्रसंगाची ही दोन टोकं आहेत. मराठीत आपण ‘फसवून पाटल्या काढून घेतल्या’ असं एका दमात म्हणतो. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं की आपण कुठलं टोक सांगतोय. ‘ट्रिक’, ‘कॉन’, ‘ड्यूप’ यांना ‘इन्टू’ शोभतं. ‘चीट’, ‘कॉन’, ‘स्विंडल’ आणि ब्रिटिश बोलीतलं साधं ‘डू’ यांना ‘आउट ऑफ’.

‘कॉन’ हा ‘कॉन्फिडन्स’चा तुकडा आहे. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाचा एक माणूस पकडला गेला. चांगले कपडे घालून तो अनोळखी श्रीमंतांशी गप्पा मारायचा आणि विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का तुम्हाला? लोक घड्याळ द्यायचे. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं आणि शब्द रुजला. म्हणून जिथे आधी विश्वास मिळवला आणि मग फसवलं, तिथे ‘कॉन’ अचूक बसतो. आपल्या ‘विश्वासघाता’च्या सगळ्यांत जवळचा रोजच्या बोलण्यातला शब्द मला तो वाटतो. फोनवरून, लिंक पाठवून, ओटीपी मागून फसवतात त्याला ‘स्कॅम’. हा तुला रोज ऐकू येत असेल.

आता ‘चीट’च्या जन्माबद्दल, कारण त्या गोष्टीचा धागा आपल्या साताऱ्यापर्यंत येतो. हा शब्द ‘एस्चीट’ची झिजून झालेली शेपटी आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कूळ वारस न ठेवता मेलं की जमीन वरच्या जमीनदाराकडे किंवा राजाकडे परत जायची, त्याला एस्चीट म्हणत. ते बघायला अधिकारी नेमलेले असत, आणि वारस असतानाही जमिनी ओढायला ते मागेपुढे बघत नसत. लोकांच्या तोंडी त्या अधिकाऱ्यांच्या कामाचं नावच फसवणुकीचं नाव होऊन बसलं. १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. मरणापूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि वारस नाही म्हणून राज्य खालसा केलं. पुढे झाशीपर्यंत गेलेल्या त्या धोरणातलं पहिलं मोठं राज्य साताऱ्याचं. वारस नाही म्हणून मालमत्ता वरच्याकडे, ही कल्पना एस्चीटचीच सख्खी बहीण आहे. वर्गात हे सांगते तेव्हा साताऱ्याकडची मुलं हा शब्द पुन्हा विसरत नाहीत.

असा जड इतिहास असलेला शब्द बोलण्यातही जड आहे. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये मुलं ‘चीटिंग करू नको’ म्हणतात, म्हणजे रडीचा डाव खेळू नको. तिकडच्या मुलांतही ‘दॅट्स चीटिंग’ इतकंच हलकं असतं. पण मोठ्या माणसाला तोंडावर ‘यू आर चीटिंग मी’ म्हणणं हा आरोप आहे. पगाराच्या हिशेबात चूक दिसली तर ‘आय थिंक देअर्स अ मिस्टेक हिअर’ म्हण. संशय असेल पण खात्री नसेल तर त्या वस्तूला किंवा व्यवहाराला ‘डॉजी’ म्हण. ‘काहीतरी गोलमाल आहे’ याला ब्रिटिश इंग्रजीत याहून चांगला शब्द नाही. आणि कुणी नुसती फिरकी घेत असेल तर त्याला फसवणूक म्हणायचंच नाही, तिथे ‘यू आर हॅविंग मी ऑन’ किंवा ‘पुलिंग माय लेग’.

‘चारसोबीस’ इथेच ठेव. आपल्याकडे तो आकडा १८६०च्या दंडसंहितेतल्या ४२० कलमावरून आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत फसवणूक ३१८व्या कलमात गेली, तरी जिभेवरचा आकडा काही गेला नाही. तिकडे ‘फोर-ट्वेन्टी’ म्हटलंस तर लोकांना गांजा आठवेल.

‘चिट फंड’बद्दलही एकदा स्पष्ट सांगते, कारण वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं. तो ‘चीट’ नव्हे, ऱ्हस्व ‘चिट’. म्हणजे आपली चिठ्ठी. इंग्रजांनी ती इथूनच उचलली आणि ‘चिट’ केली. १९८२च्या कायद्याने चालणारी नोंदणीकृत भिशीही असते, नावात फसवणूक नाही. परीक्षेतली ‘कॉपी’ मात्र आपलीच. ‘ही हॅड अ कॉपी’ म्हटलं तर तिकडे काही बोध होत नाही, ‘ही चीटेड इन द एक्झाम’ म्हणावं लागतं, आणि त्या चिठोऱ्याला ‘क्रिब’ किंवा ‘चीट शीट’.

तर तुझ्या वडिलांचं. व्यापाऱ्याने पहिल्या वर्षी रोख पैसे दिले, दुसऱ्या वर्षी माल उधारीवर उचलला, ‘आज देतो, उद्या देतो’ करत झुलवत ठेवलं, चेक दिला तो वटला नाही, आणि शेवटी गाळ्याला कुलूप लावून पसार झाला. द्राक्षाच्या हंगामात आपल्या भागात हे घडतं, आणि वर्षभर औषधं मारून, थंडीत-धुक्यात रात्री जागून पिकवलेला माल असा जातो तेव्हा घराचं काय होतं ते मी विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर वाचलंय. एकच ‘चीट’ इथे पुरत नाही. झुलवत ठेवलं ते ‘ही स्ट्रंग हिम अलाँग’. प्रत्येक खेपेला काहीतरी कारण सांगून परत पाठवलं ते ‘ही फॉब्ड हिम ऑफ विथ एक्स्क्यूजेस’. हे ‘फॉब ऑफ’ म्हणजे आपलं तोंडाला पानं पुसणं. चेक वटला नाही ते ‘द चेक बाउन्स्ड’. पसार झाला ते ‘ही डिड अ रनर’, हा खास ब्रिटिश प्रयोग. आणि वडील बोलण्याला भुलले ते ‘ही वॉज टेकन इन’ किंवा ‘ही फेल फॉर इट’. या शेवटच्या दोघांत एक माया आहे. फसलेल्या माणसाला ती मूर्ख ठरवत नाहीत. ‘फूल’ आणि ‘गलिबल’ ठरवतात, म्हणून आपल्या माणसाबद्दल बोलताना ते मी टाळते.

काट्यात मारणं हा वेगळा प्रकार आहे. ऊसवाल्यांच्या तोंडी ‘काटामारी’ हा शब्द कायम असतो. त्याला ‘शॉर्ट वेट’. सुटे पैसे कमी दिले तर ‘शॉर्ट-चेंज’. हिशेबात छोटे घोळ केले तर ‘फिडल’.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा, धुणं आणि फसवणं. दोन्ही भाषांनी लुबाडण्याला धुण्या-पुसण्याची, कातरण्याची, चुन्याची रूपकं वापरली आहेत. पण काही ठिकाणी ती हातात हात घालून चालतात, तर काही ठिकाणी अगदी पाठ फिरवतात, आणि फजिती होते ती पाठ फिरवणाऱ्यांत.

जुळणारी आधी. चोरांनी घर ‘धुऊन नेलं’ म्हणतो आपण. इंग्रजीत ‘दे क्लीन्ड अस आउट’. जुगारात सगळं हरलेल्या माणसाबद्दल ‘क्लीन्ड आउट’ दोनशे वर्षांपूर्वीही म्हणत. पुढे कपडे धुऊन देणारी दुकानं आली आणि विसाव्या शतकात त्याच कल्पनेला ‘टेकन टु द क्लीनर्स’ हे रूप आलं. तुझी मैत्रीण म्हणाली ते हेच, तुझ्या वडिलांना पार धुऊन नेलं. ती सहानुभूतीनेच बोलत होती. ‘फ्लीस’ही तसाच. फ्लीस म्हणजे मेंढीच्या अंगावरची लोकर. गिऱ्हाइकाला भादरलं म्हणतो ना आपण, तेच. माणदेशात मेंढ्या कातरताना ज्याने पाहिलंय त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, कातरून सोडलेली मेंढी एवढीशी दिसते. जादा पैसे उकळणं म्हणजे ‘सोक’, मूळ अर्थ भिजवणं. दुसऱ्याच्या जिवावर फुकट जगणं म्हणजे ‘स्पंज ऑफ’. तरुण ब्रिटिश पोरांच्या बोलीत ‘रिन्स’, म्हणजे विसळणं, हेही पैसे उपटण्यासाठी येतं.

उलटणारी आता. ‘चुना लावला’ म्हणजे मराठीत फसवलं. इंग्रजीतही चुन्याचा हात मारतात, ‘व्हाइटवॉश’, पण तो भिंतीवरचे डाग झाकायला. चौकशी समितीने दोषींना वाचवणारा अहवाल दिला तर तो ‘व्हाइटवॉश’. म्हणजे आपल्याकडे चुना फसलेल्याला लागतो, त्यांच्याकडे तो गुन्ह्याला लागतो. ‘ही व्हाइटवॉश्ड मी’ याला काहीच अर्थ नाही. खेळात एकही सामना न जिंकता हरणं हा त्याचा आणखी एक अर्थ, तो क्रिकेटमुळे आपल्याला माहीत असतो.

हातांचं तर विचारूच नकोस. आपल्याकडे वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारा संधी साधतो, आणि हात धुऊन मागे लागणारा पिच्छा सोडत नाही. इंग्रजीत ‘आय वॉश माय हँड्स ऑफ इट’ म्हणजे माझा आता याच्याशी संबंध नाही, मी अंग काढून घेतलं. बायबलमध्ये रोमन सुभेदार पिलात येशूला शिक्षा देताना लोकांसमोर हात धुतो, तिथून हे आलं. एका विद्यार्थ्याने नोकरीच्या अर्जात ‘मी कामाच्या हात धुऊन मागे लागतो’ हे शब्दाला शब्द ठेवून लिहिलं होतं. वाचणाऱ्याला वाटलं असतं, हा मुलगा काम अर्ध्यावर सोडतो. मी ते पान पाठवण्याआधी थांबवलं.

‘आयवॉश’ हा आपल्या वर्तमानपत्रांचा लाडका शब्द, डोळ्यांत धूळफेक या अर्थी. तुझ्या वॉर्डात मात्र आयवॉश म्हणजे डोळे धुण्याचं द्रावण, तिथे तो तसाच राहू दे. धूळफेकीसाठी ‘हुडविंक’ आहे. विंक म्हणजे पूर्वी डोळे मिटणं, हुड म्हणजे टोपडं, म्हणजे डोळ्यांवर टोपडं ओढणं. आपल्या ‘टोपी घालण्या’च्या हे किती जवळ आहे बघ.

‘दॅट वोन्ट वॉश’ तुला ऐकू येईल. धुतल्यावर रंग टिकत नाही ते कापड कच्चं. तशी ही सबब टिकणार नाही, आपल्या भाषेत पचणार नाही. ‘सॉफ्ट सोप’ म्हणजे लोणी लावणं. ‘फ्लॅनेल’ म्हणजे तोंड पुसायचं फडकं, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मुद्द्याला बगल देणारं गुळमुळीत बोलणं. ‘मनी लाँडरिंग’ १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणाच्या बातम्यांतून सगळीकडे पसरला. आपल्याकडे त्याविरुद्धचा कायदा २००२चा. मराठी माणूस काळ्याचं पांढरं करतो म्हणतो, धुतो म्हणत नाही. धुलाई म्हटलं की आपल्याला मारच आठवतो.

खऱ्याखुऱ्या धुण्याला आपली मराठी फार श्रीमंत आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ओसरल्यावर आम्ही आठवडाभर तेच केलं. कपडे भिजत घातले, ‘सोक’. भांडी घासली, ‘स्क्रब’. भिंती नळीच्या पाण्याने झोडपल्या, ‘होज डाउन’. पुन्हा पुन्हा खंगाळलं, ‘रिन्स’. पिळलं, ‘रिंग आउट’. लादी पुसली, ‘मॉप’. साध्या ‘वॉश’मध्ये यातलं काही दिसत नाही, म्हणून नेमकं क्रियापद शोध. तिकडे ‘डू द वॉशिंग’ म्हणजे कपडे आणि ‘डू द वॉशिंग-अप’ म्हणजे भांडी, एका छोट्या ‘अप’ने धुण्याचं भांडी होतं. अमेरिकेत ‘वॉश अप’ म्हणजे जेवणाआधी हात-तोंड धुणं.

रुग्णांशी बोलताना ‘वुड यू लाइक अ वॉश?’ हे सौम्य आणि पुरेसं आहे. आपण ‘स्पंजिंग’ म्हणतो ते ‘बेड बाथ’. ‘तोंड धुतलं का?’ याचं ‘डिड यू वॉश युअर माउथ?’ कधीच करू नकोस, कारण ‘वॉश युअर माउथ आउट’ हे शिवी देणाऱ्या पोराला रागावून म्हणतात. दातांचं विचारायचं तर ‘ब्रश युअर टीथ’, चेहऱ्याचं तर ‘फेस’. ‘हेड बाथ’ आपल्या देशाबाहेर कुणाला कळत नाही. न्हाणं म्हणजे ‘आय अ‍ॅम वॉशिंग माय हेअर’. आणि कुणी ‘आय फील वॉश्ड आउट’ म्हणालं तर ते गळून गेलेत, नाडी बघ.

दोन शब्द तोंडात येऊ देऊ नकोस. फसवण्यासाठी ‘जिप’ हा शब्द जुन्या पुस्तकांत दिसतो, तो ‘जिप्सी’वरून आलाय आणि ज्यांना जिप्सी म्हणत त्या रोमा लोकांना चोर ठरवतो. ‘वेल्श ऑन अ डेट’, कर्ज बुडवणं, हा वेल्श लोकांना लागतो, आणि तुझ्याबरोबर काम करणारं कुणीतरी वेल्श असेलच. आपल्याकडेही जातींच्या नावांनी असे वाक्प्रचार आहेत आणि ते मी वर्गात कधी शिकवले नाहीत. मात्र एखाद्या आजोबांनी ‘माय नीज गिव्हिंग मी जिप’ म्हटलं तर दचकू नकोस, गुडघा ठणकतोय एवढाच त्याचा अर्थ, तो शब्द निराळा.

उलट बाजूने आपणही त्यांना शब्द दिलेत. ‘ठग’ १९व्या शतकात इंग्रज अधिकारी कर्नल स्लीमनच्या ठगांविरुद्धच्या मोहिमांमुळे इंग्रजीत पक्का झाला, पण तिकडे जाऊन बदलला. आपला ठग गोड बोलून फसवतो, त्यांचा ‘थग’ धटिंगण, मारहाण करणारा. तुमच्या व्यापाऱ्याला ‘थग’ म्हटलंस तर त्याने वडिलांना मारलं असं वाटेल. आणि ‘शॅम्पू’ हे हिंदी ‘चांपो’चं रूप. पाटण्याच्या शेख दीन मुहम्मदने ब्रायटनमध्ये शॅम्पूचं स्नानगृह थाटलं तेव्हा त्याचा अर्थ अंग चोळणं, चंपी करणं असा होता. केस धुण्याशी तो पुढे जोडला गेला.

तेव्हा उद्या वॉर्डात असं सांग: ‘अ ट्रेडर कॉन्ड माय फादर आउट ऑफ अ होल सीझन्स ग्रेप्स. ही स्ट्रंग हिम अलाँग फॉर मन्थ्स, द चेक बाउन्स्ड, अँड देन ही डिड अ रनर.’ रक्कम सांगायची तर लाखात नको, ‘हंड्रेड थाउजंड’मध्ये किंवा सरळ पौंडांत सांग.

आणि वडिलांना आजच फोन करून विचार, चेक परत आल्याचं बँकेचं पत्र त्यांना कोणत्या तारखेला मिळालं. त्या दिवसापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला व्यापाऱ्याला १५ दिवस, आणि तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. पत्र इंग्रजीत असेल आणि घरी कुणाला लागत नसेल तर त्याचा फोटो मला पाठव, मी वाचून मराठीत सांगते.